एसटीपीचं पाणी नितळ दिसतं, मग नदीत औषधं कुठून येतात?

तुम्ही विचारलंय, की पुण्यात तुमच्या घराजवळच्या एसटीपीतून (मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्पातून) बाहेर पडणारं पाणी नितळ दिसतं, अहवालात बीओडी 10 च्या आत आहे, मग मुठा नदीत औषधांचे अंश जातात असं का म्हणतात? मैलापाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अहवाल खराच असणार, पण त्यात औषधं मोजलेलीच नसतात. जिवाणूंना खाता येईल असा माल पाण्यात किती उरलाय, एवढंच बीओडीवरून कळतं. एरेशन टँकमधले, म्हणजे हवा सोडलेल्या टाकीतले, जिवाणू तो माल काही तासांत फस्त करतात. पॅरासिटामॉलही त्यात जवळजवळ सगळं संपतं. कार्बामाझेपिनचं तसं नाही. फिट येणाऱ्यांना हे औषध वर्षानुवर्षं रोज घ्यावं लागतं. जिवाणू त्याला तोंड लावत नाहीत आणि ते गाळालाही फारसं चिकटत नाही. 2022 मध्ये 104 देशांतल्या 258 नद्यांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात सर्वाधिक ठिकाणी सापडलेलं औषध हेच होतं.

कधी कधी तर ते प्रकल्पात शिरताना कमी आणि बाहेर पडताना जास्त भरतं. नवीन मुलांना वाटतं मशीन बिघडलं. मशीन ठीक असतं. आपलं यकृत या औषधाच्या काही भागाला साखरेसारखा एक तुकडा जोडून ते लघवीवाटे बाहेर टाकतं. टाकीतले जिवाणू नेमका तो तुकडा तोडतात आणि औषध पुन्हा मोकळं होतं.

हे मोजणंही सोपं नाही. नमुना गडद काचेच्या बाटलीत, बर्फात ठेवून आणायचा. घेणाऱ्याने त्या दिवशी हाताला क्रीमसुद्धा लावायचं नाही, नाहीतर तेच नमुन्यात उतरतं. कारण हिशेब लिटरमागे नॅनोग्रॅमचा, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचा असतो.

इतक्या कमी प्रमाणाने काय होणार, असं वाटू शकतं. कॅनडात संशोधकांनी 2001 ते 2003 या काळात एका लहानशा तळ्यात गर्भनिरोधक गोळीतलं कृत्रिम इस्ट्रोजेन लिटरला 5-6 नॅनोग्रॅम राहील इतकंच सोडलं. नर माशांच्या अंगात अंड्यातल्या बलकाचं प्रथिन तयार होऊ लागलं आणि तिथल्या छोट्या मिनो माशांची संख्या पार कोसळली. खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा साधारण 1.97 टीएमसी आहे. तेवढ्या पाण्यात हे प्रमाण गाठायला जेमतेम 300 ग्रॅमच्या आसपास औषध लागेल!

माणसाच्या पोटात मात्र फार कमी जातं. लिटरला 100 नॅनोग्रॅम असलेल्या पाण्यातून 200 मिलिग्रॅमची एक गोळी भरायला 20 लाख लिटर पाणी प्यावं लागेल. मासा रात्रंदिवस त्याच पाण्यात असतो, म्हणून मला काळजी मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनी धरणात जे जगतं त्याची जास्त वाटते.

उपाय आहेत. नेहमीच्या प्रक्रियेनंतर ओझोन किंवा ॲक्टिव्हेटेड कार्बनचा (अशी द्रव्यं शोषून घेणाऱ्या खास कोळशाचा) आणखी एक टप्पा लावायचा. स्वित्झर्लंडने 2016 पासून निवडक प्रकल्पांना कायद्याने तो लावायला सुरुवात केली, आणि अशी द्रव्यं 80 टक्के काढण्याची अट घातली. खर्च आणि वीज दोन्ही वाढतात. आपल्याकडे प्रक्रियेविना नाल्यातून थेट नदीत जाणारं मैलापाणी आधी प्रकल्पात आणायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. जे पाणी प्रकल्पात येतच नाही, त्याला ओझोन कसला देणार?

घरात काय करता येईल, हेही तुम्ही विचारलंय. जुन्या गोळ्या, सिरप संडासात किंवा बेसिनमध्ये ओतू नका. आणि गुडघ्याला डायक्लोफिनॅकचं जेल लावत असाल, तर त्यातलं साधारण 6 टक्केच अंगात जिरतं. बाकीचं आंघोळीच्या पाण्याबरोबर गटारात जातं. म्हणून जेल चोळलेले हात आधी कागदाने नीट पुसा, तो कागद कचऱ्यात टाका आणि मग हात धुवा. आंघोळही जेल लावण्याआधीच उरकून घ्या.