आठवड्याचं इंजेक्शन आणि रोजची गोळी

वाचकांचे प्रश्न : मधुमेह

प्रश्न : माझं वय ५३. कराडजवळच्या हायस्कूलमध्ये शिकवते. मधुमेहाला ११ वर्षं झाली. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचं टिर्झेपटाइडचं इंजेक्शन सुरू केलं. आधी अडीच, मग पाच, साडेसात आणि आता दहा मिलिग्रॅम. वजन ७८ किलोवरून ६९ वर आलं, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.९ होतं ते ६.४ झालं. पण दहाचा डोस सुरू झाल्यापासून मळमळतं, आठवड्यात दोन-तीनदा उलटी होते, चार-चार दिवस पोट साफ होत नाही. केस मुठीने गळतात. हळदीकुंकवाला गेले की बायका विचारतात, "बरं नाही का गं, किती उतरलीस!" सकाळी अर्धी भाकरी खाल्ली की दुपारपर्यंत भूक नसते. खर्चही परवडत नाही. बंद करू का?
ता. क. मागच्या गुरुवारी उपवास होता. अकराच्या सुमारास वर्गात हात थरथरायला लागले, दरदरून घाम आला. खुर्चीत बसले. शेजारच्या बाईंनी पेढा दिल्यावर बरं वाटलं. उन्हामुळे असेल का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही ताज्या कलमात लिहिली आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल. ते ऊन नव्हतं. तुमची साखर उतरली होती. पेढ्याने बरं वाटलं यातच त्याचं उत्तर आहे.

पत्रासोबत तुम्ही गोळ्यांची यादी जोडली आहे. तीत सकाळची ग्लिमेपिराइड दोन मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी आहे, ती ११ वर्षांपूर्वीसारखीच चालू आहे. खरी अडचण तिथे आहे. टिर्झेपटाइड रक्तात साखर वाढलेली असते तेव्हाच स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. साखर खाली आली की त्याचा जोर आपोआप कमी होतो, म्हणून हे इंजेक्शन एकटं असताना साखर फार खाली जाण्याची भीती कमी. ग्लिमेपिराइडला असं काही कळत नाही. तुम्ही जेवलात की नाही, साखर २०० आहे की ८०, ती इन्सुलिन बाहेर काढतच राहते. पूर्वी तुम्ही सकाळी दोन भाकऱ्या, भाजी, चहा-बिस्किटं घेत होतात तेव्हा ती गोळी चालून गेली. आता नऊ किलो वजन उतरलंय, भूक अर्धी झाली आहे आणि त्यात गुरुवारचा उपवास. त्या दिवशी गोळी पोटात आणि अन्न नाही, असं झालं.

तेव्हा याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि स्पष्ट विचारा : ग्लिमेपिराइड कमी करायची की बंद? एचबीएवनसी ६.४ असताना आणि इंजेक्शन दहा मिलिग्रॅमवर असताना माझ्या ओपीडीत मी ती बहुतेक वेळा बंद करते. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हाच नियम : आठवड्याचं इंजेक्शन सुरू झालं की इन्सुलिनचे युनिट डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्यायचे. डॉक्टरांची भेट होईपर्यंत उपवास करू नका. घरात ग्लुकोमीटर असेल तर सकाळी आणि अकरा वाजता साखर बघा. ७० च्या खाली दिसली, किंवा पुन्हा थरथर झाली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा आणि मग काहीतरी खा. पेढ्यातल्या तुपामुळे साखर सावकाश चढते. टेबलाच्या खणात ग्लुकोजचा पुडा ठेवा आणि शेजारच्या बाईंना हे सगळं सांगून ठेवा.

यादीत रक्तदाबाची टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी एकत्र असलेलीही एक गोळी दिसली. वजन उतरल्यावर रक्तदाबही उतरतो. उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं असताना ही गोळी चालू राहिली तर उठताना चक्कर येते आणि मूत्रपिंडावर ताण पडतो. तेव्हा त्याच भेटीत उभं राहून आणि बसून, दोन्ही वेळा रक्तदाब मोजून घ्या. मूत्रपिंडाचं काम दाखवणारी क्रिएटिनिनची तपासणी करा. इतर वाचकांपैकी ज्यांच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारं मधुमेहाचं औषध) आहे, त्यांनी उलट्या होत असताना आणि पोटात अन्न नसताना ती डॉक्टरांना विचारून थांबवावी. अशा वेळी रक्तात कीटोन नावाची आम्लं साठून माणूस अत्यवस्थ होऊ शकतो.

आता मळमळ आणि उलटी. दहाच्या डोसबरोबर ती सुरू झाली, हे तुम्ही नेमकं टिपलंत. डोस वाढवायची शिडी सगळ्यांनी शेवटच्या पायरीपर्यंत चढायची असते, असा समज पसरला आहे. तसं नाही. साडेसातवर तुमची साखर आटोक्यात होती आणि त्रास नव्हता, तर डॉक्टरांशी बोलून तिथे परत यायला काहीच हरकत नाही. हे औषध पोट रिकामं होण्याचा वेग कमी करतं, सुरुवातीला आणि डोस वाढवल्यावर जास्त. म्हणून तळलेलं, तुपकट, मसालेदार काही खाल्लं की ते पोटात तसंच बसून राहतं आणि वर येतं. ताटात थोडंसं घ्या, सावकाश जेवा आणि पहिला ढेकर आला की हात धुवा. पोट भरल्यावर "अजून एक घास" हा आपल्याकडचा आग्रह या औषधावर असलेल्या माणसाला थेट उलटीपर्यंत नेतो, हे घरातल्यांनी लक्षात ठेवावं. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. पाणी जेवताना घटाघट पिऊ नका, दिवसभर घोटघोट प्या. पोट साफ होण्यासाठी पपई, शिजवलेली पालेभाजी आणि रात्री इसबगोल. तरी चार दिवस होत नसेल तर औषध लागेल, ते मागून घ्या, संकोच करू नका.

एक वेदना मात्र घरी बसून सोसायची नाही : बेंबीच्या वर जोराचं, पाठीत शिरणारं, न थांबणारं दुखणं, सोबत उलट्या. स्वादुपिंडाला सूज आल्याची ती खूण असू शकते. उजव्या बरगडीखाली दुखून ताप येणं, डोळे पिवळे होणं ही पित्ताशयातल्या खड्यांची बाजू. वजन झपाट्याने उतरलं की खडे होण्याची शक्यता वाढते. दोन्हींत इंजेक्शन थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात जायचं.

केसांबद्दल निश्चिंत राहा असं म्हणणार नाही, पण घाबरू नका. वजन भराभर उतरलं की दोन-चार महिन्यांनी केस गळतात आणि वजन स्थिरावलं की पुन्हा येतात. पण हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड आणि बी-१२ तपासा. ११ वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या शाकाहारी बाईचं बी-१२ कमी असणं मी रोज बघते.

आणि मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती तुमच्या अर्ध्या भाकरीची. नऊ किलो उतरले ते सगळे चरबीचे नाहीत. अशा वजनउतारात साधारण पाव हिस्सा, काही अभ्यासांत त्याहूनही जास्त, स्नायूंसह चरबीखेरीजचा भाग असतो. मिशीला पीळ देणारा गडीही ज्या ताकदीवर चालतो ती स्नायूंत असते, आणि पन्नाशी ओलांडलेल्या, पाळी गेलेल्या बाईला ती परत मिळवणं सोपं नाही. शिवाय जेवणानंतर रक्तातली साखर मुख्यतः स्नायूच खेचून घेतात, म्हणजे स्नायू गेले तर मधुमेहाचंही नुकसान. भूक थोडीच उरली आहे तर त्या थोड्या भुकेत काय जाईल ते निवडायला हवं. आधी वाटीभर मटकीची उसळ, मूग किंवा घट्ट वरण, मग भाकरीचा तुकडा. भात सगळ्यांत शेवटी, राहिली जागा तर. तुमच्या वजनाला दिवसाला ६० ते ७० ग्रॅम प्रथिनं हवीत, मूत्रपिंड ठीक असेल तर. वाटीभर शिजलेल्या डाळीत जेमतेम सहा-सात ग्रॅम असतात, तेव्हा नुसत्या वरणाने हे भागत नाही. पनीर १०० ग्रॅमला साधारण १८, कोरडे सोयाबीनचे तुकडे ५० ग्रॅमला जवळपास २५, अंडं खात असाल तर एकाला ६. गुरुवारच्या साबुदाण्यात जवळजवळ शून्य. उपवास सुटत नसेल तर त्या दिवशी दही, पनीर, दूध आणि राजगिरा असू दे, आणि गोळ्यांचं वेळापत्रक त्याप्रमाणे आधीच ठरवून घ्या.

व्यायामासाठी जिम लागत नाही. मधल्या सुट्टीत खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, भिंतीला हात लावून दंड काढा, एक-एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या उचला. एका दिवसाआड. नुसत्या चालण्याने स्नायू राखले जात नाहीत. घरी मांडी घालून बसल्यावर हाताचा आधार न घेता उठता येतं का ते महिन्याला एकदा बघा. ते जमेनासं झालं तर मला वजनाच्या आकड्यापेक्षा त्याची जास्त चिंता वाटेल.

बंद करू का, हे तुमचं मूळ विचारणं. दहावरून खाली या, ग्लिमेपिराइडचा निकाल लावा, मग ठरवा. अचानक बंद केलं तर भूक परत येते, पूर्ण जोराने येते. सेमाग्लुटाइड या अशाच आठवड्याच्या इंजेक्शनच्या एका मोठ्या अभ्यासातल्या लोकांना औषध थांबवल्यावर वर्षभर पाहिलं गेलं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत चढला होता. त्यात त्या माणसांच्या मनोनिग्रहाचा दोष नाही, शरीर जुन्या वजनाकडे ओढतंच. मधुमेह असलेल्यांची साखरही त्याबरोबर चढते. खर्चाचं म्हणणं मात्र पूर्ण खरं आहे. मार्च २०२५ मध्ये मौंजारो (टिर्झेपटाइडचंच बाजारातलं नाव) भारतात आलं तेव्हा पाच मिलिग्रॅमची एक कुपी ४,३७५ रुपयांना होती, म्हणजे चार आठवड्यांचे साडेसतरा हजार. पगारातून हे वर्षानुवर्षं काढायचं तर घरात बसून हिशेब करावाच लागतो. परवडत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा. डोस उतरवत दुसऱ्या औषधांवर नीट आणता येतं. न सांगता आठवडे चुकवणं सर्वांत वाईट.

राहिल्या हळदीकुंकवाच्या बायका. मधुमेह असलेल्यांचं वजन या औषधाने तसं कमीच उतरतं : मोठ्या चाचण्यांत सर्वाधिक डोसवर ७२ आठवड्यांत मधुमेह नसलेल्यांचं सरासरी २०.९ टक्के, मधुमेह असलेल्यांचं १४.७ टक्के. तुमचं चार महिन्यांत साडेअकरा टक्के उतरलंय. वेग जरा जास्त आहे, आणि उलट्या हे त्याचं एक कारण असावं. तो मंदावला तर चांगलंच. अजून एक : साखर इतक्या भराभर खाली आली की डोळ्यांच्या पडद्यावरचा जुना बिघाड काही जणांत बळावतो. बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. एका डोळ्याने अचानक धूसर दिसलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे.

प्रश्न : मुलीचं लग्न तीन महिन्यांवर आहे. तिला साखर नाही. उंची ५ फूट ३ इंच, वजन ६४. मैत्रिणीने ऑनलाइन इंजेक्शन मागवून सात किलो कमी केले. हिला द्यावं का? (नाशिक)

उत्तर : नाही. वजनासाठी हे औषध बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३० च्या पुढे, किंवा २७ च्या पुढे आणि सोबत रक्तदाब, मधुमेह असा आजार असेल तर दिलं जातं. तुमच्या मुलीचा २५ येतो. शिवाय लग्नानंतर लगेच मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आणि टिर्झेपटाइड निदान एक महिना आधी बंद करावं लागतं. मूल नको असेल आणि ती गर्भनिरोधक गोळी घेणार असेल, तर टिर्झेपटाइडमुळे गोळीचा भरवसा कमी होतो. सुरुवातीला आणि प्रत्येक डोस वाढवल्यावर चार आठवडे दुसरं साधनही वापरावं लागतं. हे त्या मैत्रिणीला कुणी सांगितलं होतं का? आणि ऑनलाइनचं म्हणाल तर, जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट ओझेम्पिकबद्दल (हे सेमाग्लुटाइडचं बाजारातलं नाव) जगभर इशारा दिला होता. पेनमध्ये काय भरलंय हे घरी कळायचा मार्ग नाही. ६४ किलोची मुलगी सुंदर दिसेल. ब्लाउज तिच्या मापाचा शिवून घ्या.

प्रश्न : मला थायरॉइड आहे, रोज गोळी घेते. थायरॉइडवाल्यांनी हे इंजेक्शन घ्यायचं नाही असं ऐकलं. (सांगली)

उत्तर : थायरॉइड कमी काम करतं म्हणून रोज गोळी घेणाऱ्यांना हे घेता येतं. मनाई आहे ती थायरॉइडच्या मेड्युलरी नावाच्या दुर्मीळ कर्करोगाला, तो स्वतःला किंवा घराण्यात झालेला असेल तर, आणि एमईएन-टू या आनुवंशिक आजाराला. घराण्यात कुणाचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं असेल तर कशासाठी, ते विचारून या. वजन उतरल्यावर तुमच्या गोळीचा डोस बदलू शकतो, तेव्हा टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी पुन्हा करा.

प्रश्न : गावी दिवसातून बराच वेळ वीज नसते. एप्रिल-मेमध्ये कुपी कशी ठेवू? मागे एक आठवडा चुकलाही. (यवतमाळ)

उत्तर : टिर्झेपटाइडची न उघडलेली कुपी ३० अंशांच्या खाली असेल तर फ्रिजबाहेर २१ दिवस राहते. यवतमाळच्या मे महिन्यात खोलीत ते शक्य नाही. कुपी झाकणाच्या कोरड्या डबीत घालून, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या माठाच्या थंडाव्यात ठेवा आणि शेजारी साधा थर्मामीटर असू द्या. एका वेळी महिन्याभराच्या कुप्या आणू नका, आठवड्याची एकच आणा. फ्रिजमध्ये ठेवताना बर्फाच्या कप्प्याला चिकटू देऊ नका. एकदा गोठलेलं औषध वितळल्यावर जसंच्या तसं दिसलं तरी टाकून द्यायचं. चुकलेल्या इंजेक्शनला चार दिवस झाले नसतील तर आठवताच घ्या, त्याहून उशीर झाला असेल तर सोडून द्या आणि नेहमीच्या वारी घ्या. दोन-तीन आठवडे सलग चुकले तर त्याच डोसवर परत सुरू करू नका, आधी डॉक्टरांना फोन करा.