चांगलं लोड हवंय ना, मग आधी तुझी वेळ खरी कर

पोरा,

तुझा परवाचा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. चार महिने झाले तुला मालाच्या ट्रकवर, आणि तुझं म्हणणं असं की जुन्यांना हजार-हजार किलोमीटरची लोडं मिळतात आणि तुझ्या वाट्याला दोनशे-अडीचशेची, त्यातही तीन ठिकाणी थोडा थोडा माल उतरवायचा आणि वर गोडाऊनच्या दारात चार-चार तास उभं राहायचं. किलोमीटरवर पैसे मिळणाऱ्याला उभी गाडी किती जाचते ते मला सांगायला नको. पण तू डिस्पॅचरशी, म्हणजे गाड्यांना लोड वाटून देणाऱ्याशी, भांडायला निघालायस ते जरा थांबव, आधी हे वाच.

मी नवीन होतो तेव्हा मलाही हेच वाटायचं, सगळा वशिला आहे, आवडत्यांना मलई आणि आपल्याला चोथा. एकदा डिलिव्हरीला उशीर होत होता, डिस्पॅचरबाईंचा फोन आला कुठपर्यंत आलात, मी म्हणालो आलोच, अर्ध्या तासात पोचतो. खरं तर अजून 120 किलोमीटर बाकी होते. ओरडा नको म्हणून तोंडातून निघून गेलं. तिकडे त्या अर्ध्या तासावर विसंबून माल उतरवणारी माणसं आणि फोर्कलिफ्ट थांबवून ठेवलेली, आणि बाईंनी मला पुढचं लोडही लावून टाकलेलं, ते शेवटी घरी निघालेल्या दुसऱ्या ड्रायव्हरला परत बोलावून द्यावं लागलं. असं मी एकदाच केलं असतं तर खपून गेलं असतं, पण 'आलोच' ही माझी सवयच झाली होती.

काही महिन्यांनी कागद जमा करायला ऑफिसात गेलो तर टेबलावर त्यांची वही उघडी होती. प्रत्येक ड्रायव्हरच्या नावापुढे त्याची गाडी कधी रिकामी होणार ती वेळ लिहिलेली. माझ्या नावापुढे 4 लिहून ते खोडलेलं आणि शेजारी 6. मी विचारलं हे काय, तर म्हणाल्या, तुम्ही सांगता त्यात मी दोन तास घालूनच धरते. रागाने नाही बोलल्या, अगदी सहज बोलल्या, म्हणून जास्त लागलं. लांबच्या चांगल्या लोडची भरायची वेळ बांधलेली असते, 5 ला गाडी दारात हवी म्हणजे हवी, आणि माझी गाडी त्यांच्या हिशोबात 6 ला मोकळी होत होती. मग मला मिळणार काय, सगळ्यांना वाटून जे उरेल ते.

तर तुझ्या नावापुढे कोणी दोन तास वाढवून लिहीत असेल का, हा विचार आधी कर. मला तरी वाटतं लिहीत असतील, कारण नवीन माणसाच्या वेळेवर कोणीच लगेच भरवसा ठेवत नाही, तो कमवावा लागतो.

आता करायचं काय, तर गाडी भरली की निघायच्या आधी पाच मिनिटं काढ आणि एक मेसेज टाक. असा: 'लोडिंग 2:10 ला संपलं. अंतर 740. आज चालवायचे 4 तास शिल्लक. रात्री विश्रांती, पहाटे 5:30 ला निघतो, दुपारी 2 ला पोचतो, अपॉइंटमेंट 3 ची आहे, 5 पर्यंत रिकामा. त्यानंतर त्या दिवशी जेमतेम तासभर चालवता येईल.' बस्स. हिशोब करताना सरासरी ताशी 60-65 धर, स्पीडोमीटरवर 80 दिसतं म्हणून 80 धरू नकोस, डिझेल, चढ, ट्रॅफिक, वजनकाटा सगळं त्यातच येतं. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण गाडी रिकामी असून उपयोग नाही, ड्रायव्हरचे तासही शिल्लक पाहिजेत, आणि पुढचं लोड तू रिकामा झाल्यावर ठरत नाही, बरेचदा आदल्या दिवशीच ठरतं. तू रिकामा होऊन फोन करतोस तोवर चांगली लोडं वाटून झालेली असतात. आणि मध्येच उशीर होणार असं दिसलं की दिसल्या क्षणी कळव, गाडी बाजूला लावून. चार तास आधी सांगितलेला उशीर डिस्पॅचर निस्तरू शकतो, दारात पोचायच्या दहा मिनिटं आधी सांगितलेला नाही. आणि शक्यतो लिहूनच पाठव, रात्री शिफ्ट बदलते, नवीन माणसाला फोनवर काय बोलणं झालं ते कुठून कळणार.

तासांचा नियम तुला जो लागू आहे तो तोंडपाठ हवा. अमेरिकेत मालाच्या गाडीवर 14 तासांच्या आत जास्तीत जास्त 11 तास चालवता येतं, युरोपात दिवसाला साधारण 9 आणि साडेचार तासांनंतर 45 मिनिटं थांबणं सक्तीचं. हे आकडे लोडच्या हिशोबासाठी तर लागतातच, पण 17 तास सलग जागं राहिलेल्या माणसाचे हातपाय आणि डोकं दारू प्यायल्यासारखे मंदावतात, हे 1997 साली संशोधनात मोजून झालंय. म्हणून एक पक्कं ठेव, चांगलं लोड मिळेल या आशेने तास चोरायचे नाहीत, कुणीही सांगितलं तरी. नाही म्हणायचं, पण लोड घ्यायच्या आधी म्हणायचं आणि आकड्यात म्हणायचं: 'माझे 6 तास उरलेत, याला 9 लागतात, उद्या सकाळी 10 ला पोचवू शकतो, चालेल का.' याला कोणी कामचुकार म्हणत नाही. लोड घेऊन अर्ध्या वाटेत हात वर करतो त्याला म्हणतात.

बाकी लहान गोष्टी आहेत पण त्याच नडतात. भरल्यावर जवळच्या काट्यावर वजन करून घे, एकूण वजन बसलं तरी मागच्या एक्सलवर जास्त असू शकतं, आणि ते गेटमधून बाहेर पडल्या पडल्या कळलं तर माल सरकवून मिळतो, दोनशे किलोमीटर गेल्यावर नाही. दाराच्या सीलचा नंबर बिल्टीशी, म्हणजे मालाच्या कागदाशी, स्वतः जुळवून बघ. पीओडीवर, म्हणजे माल पोचल्याच्या पावतीवर, सही-शिक्का झाला की तिथेच उजेडात सरळ फोटो काढून पाठव, कारण त्या कागदाशिवाय कंपनीचं बिल निघत नाही, आणि ज्याचे कागद वेळेवर येतात तो ऑफिसात सगळ्यांच्या लक्षात राहतो. रीफर, म्हणजे थंड मालाची गाडी, असेल तर माल आत जायच्या आधी गाडी गार झालेली हवी, आणि बिल्टीवर उणे 18 लिहिलंय तर मशीनवरही उणे 18 आहे का, ते उणेचं चिन्ह बोट ठेवून वाच. बोट ठेवून म्हणतोय, नुसता आकडा बघून पुढे जाऊ नकोस, अख्खी गाडीभर माल फुकट जातो. आणि गेटवरच्या माणसाशी, फोर्कलिफ्टवाल्याशी नीट बोल, काही गिऱ्हाईकं नाव घेऊन ड्रायव्हर मागतात, ते यांच्याच सांगण्यावरून.

आता मागायचं कसं. एक वही कर, लोड नंबर, अपॉइंटमेंट, पोचलो किती वाजता, निघालो किती वाजता, रिकामे किती किलोमीटर गेलो, एवढंच. दोन महिने लिही. मग डिस्पॅचर जरा मोकळा असेल ती वेळ बघून बोल, आणि 'मला चांगली लोडं द्या' असं अजिबात म्हणू नकोस, ते सगळेच म्हणतात. विचार की तुमचं कुठलं लोड लागता लागत नाही? रात्री उतरवायचं असेल, सुट्टीच्या आदल्या दिवशी निघायचं असेल, अवघड घाटाचं असेल, प्रत्येक ऑफिसात असं एखादं दुखणं असतंच. ते चार-पाच वेळा न कुरकुरता कर, वेळेवर कर, मग आपल्याला कुठली लाइन हवी ते नाव घेऊन सांग. घरी कधी जायचंय तेही दोन आठवडे आधी सांगून ठेव, म्हणजे त्या बाजूचं लोड बघता येतं. हे सगळं करून सहा महिन्यांतही वही तीच रड दाखवत असेल, लांब लोड नाही आणि रिकामे किलोमीटर तेवढेच, तर डिस्पॅचर बदलून माग, तेही जमलं नाही तर दुसरी कंपनी शोध, पण वर्ष पुरं कर, वर्षाच्या आत सोडलेल्याला पुढे कामावर घ्यायला सगळेच कचरतात.

सध्या तू भरून निघालेला आहेस ना? मग आज थांबशील तिथून तो मेसेज टाक, आणि महिना झाला की वहीच्या पानाचा फोटो मला पाठव, रिकाम्या किलोमीटरचा रकाना आपण दोघं मिळून बघू.

तुझा काका