घर बँकेने घेतलं तरी टॅक्स कसला? १०९९-ए वरच थांबू नका

"घर गेलं, हातात एक डॉलर आला नाही, नुसता १०९९-ए आलाय, रिटर्नमध्ये दाखवायचं तरी काय?" तुमचं हे वाचून पोटात गोळाच आला. २०१२ मध्ये आमचं न्यू जर्सीतलं घर असंच गेलं. मी सीपीए (अमेरिकेतला सीए) नाही, भोगलंय तेवढंच सांगतोय.

१०९९-ए हा आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याचा फॉर्म, बँकेने घर ताब्यात घेतल्याची नोंद, उरलेलं कर्ज माफ झाल्याची नाही. त्यातला ५ नंबरचा बॉक्स बघा, खूण असेल तर कर्जाला तुम्ही स्वतः जबाबदार होतात, आणि मग घराच्या किमतीच्या वरचं कर्ज जेव्हा माफ होईल तेव्हा ती रक्कम तुमचं उत्पन्न धरली जाते. त्या कर्जमाफीचा फॉर्म, १०९९-सी, वेगळा येतो, कधी कधी पुढच्या वर्षी.

आम्ही इथेच फसलो. भाड्याच्या घरात आलो, पोस्टात पत्ता बदलला, बँकेला मात्र कळवलं नाही, म्हटलं आता त्यांचा आपला संबंध काय. पोस्ट वर्षभर पत्रं पुढे पाठवतं, आमचा १०९९-सी त्यानंतर निघाला आणि गेला त्या रिकाम्या घरी, जिथे दाराला बँकेचं कुलूप. पुढे आयआरएसचं सीपी२००० आलं, म्हणजे रिटर्नमधलं उत्पन्न त्यांच्याकडच्या नोंदींशी जुळत नसल्याची नोटीस, ८४,००० डॉलर उत्पन्न दाखवलं नाही म्हणून टॅक्स आणि वर व्याज, उत्तराला ३० दिवस. बायकोने पत्र ओट्यावर ठेवलेलं, मी उभ्या उभ्या तीनदा वाचलं. बँकेला फोन केला की "लोन क्लोज झालंय, आमच्याकडे अकाउंट दिसत नाही", मग दुसरा विभाग, परत तेच. फॉर्मची कॉपी मिळायला तीन आठवडे गेले! माणूस आधीच घर गमावून बसलाय, त्याला एक कागद द्यायला काय जातं यांचं? आयआरएसच्या साईटवर वेज अँड इन्कम ट्रान्सक्रिप्ट मिळतो, त्यात तुमच्या नावावरचे १०९९ दिसतात, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर.

राहत्या मुख्य घराच्या कर्जाची माफी उत्पन्नात न धरण्याची सवलत आम्हाला पूर्ण लागू होईना, कारण रिफायनान्स करून, म्हणजे घरावर नवं मोठं कर्ज घेऊन काढलेले पैसे वडिलांच्या बायपासला नाशिकला पाठवले होते, घराला लागले नव्हते. वाचवलं ते फॉर्म ९८२ ने (माफ झालेलं कर्ज उत्पन्नातून वगळण्यासाठी रिटर्नला जोडायचा फॉर्म), इन्सॉल्व्हन्सीच्या, म्हणजे दिवाळखोर स्थितीच्या मुद्द्यावर. कर्जमाफीच्या लगेच आधी तुमची देणी मालमत्तेपेक्षा जितकी जास्त, तितकी माफी उत्पन्नात धरत नाहीत. आयआरएसच्या पब्लिकेशन ४६८१ या पुस्तिकेत तक्ता आहे, तो प्रामाणिकपणे भरा, ४०१(के), म्हणजे नोकरीतलं निवृत्तीचं खातं, मालमत्तेत धरा, आणि भारतातली एफडी, पीपीएफ, गावच्या घरातला हिस्सासुद्धा. बरेच जण हे सोडतात, माझ्या मते मोठी चूक.

मुख्य घराची सवलत २०२५ अखेरपर्यंतच्या माफीला होती, म्हणून माफीची तारीख बँकेकडून लेखी घ्या. आणि राहत्या घरात झालेला तोटा वजा मिळत नाही, त्या आशेवर राहू नका. सीपीए गाठा, पण फॉर्म ९८२ आधी भरलेला, नुसता टॅक्स सीझनपुरता रिटर्न भरायला बसणारा नको.

राज्य कुठलं, रिफायनान्स केलं होतं का आणि बॉक्स ५ मध्ये काय आहे ते लिहा, मग पुढचं बोलू.