हेला पेशींत पी५३चा बँड येत नाही, अँटिबॉडी खराब असेल का?

प्रश्न: मॅडम, मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्टला पी५३ प्रोटीनचा वेस्टर्न ब्लॉट (जेलवर वेगळी केलेली प्रोटीन्स मेंब्रेनवर उतरवून अँटिबॉडीने ओळखायची पद्धत) करतेय. अँटिबॉडी डीओ-१ क्लोनची, नवीकोरी. पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे जिथे बँड यायलाच हवा असा नमुना, म्हणून हेला पेशी घेतल्या. तीनदा ब्लॉट केला, ॲक्टिन या सगळ्या पेशींत असणाऱ्या प्रोटीनचा बँड छान ठसठशीत येतो पण पी५३च्या जागी मेंब्रेन कोरं. अँटिबॉडी दुप्पट घालून पाहिली, एक्स्पोजर दहा मिनिटं ठेवलं, तरी तेच. गाईड म्हणतात अँटिबॉडी गेली, दुसरी मागव. काय करू?

उत्तर: मागवू नकोस, आधी पेशी बदल. ॲक्टिन येतंय म्हणजे ट्रान्सफर झालाय, प्रोटीन जेलवरून मेंब्रेनवर उतरलंय, आणि ॲक्टिनची अँटिबॉडीही डीओ-१सारखी माउसचीच असेल तर सेकंडरीवरही (पहिल्या अँटिबॉडीला चिकटून बँड दाखवणाऱ्या दुसऱ्या अँटिबॉडीवर) शंका नको. गडबड बहुतेक हेलातच आहे. या पेशी १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून आल्या आणि त्यांच्यात एचपीव्ही-१८ व्हायरसचे जीन्स बसलेले आहेत, त्यातलं ई६ प्रोटीन पी५३ला धरून प्रोटिएसोमकडे, म्हणजे पेशीतल्या प्रोटीन मोडणाऱ्या यंत्राकडे, पाठवतं आणि तिथे त्याचे तुकडे होतात, म्हणजे तुझ्या लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींच्या अर्कात) पी५३ जवळजवळ उरतच नाही मग अँटिबॉडी बिचारी चिकटणार कशाला! कंट्रोल म्हणून हेला सगळेच उचलतात, पण नेमकं पी५३साठी त्या नको.

एमसीएफ-७ या ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशी घे, त्यात पी५३ नॉर्मल आहे. पण तिथेही नुसत्याच पेशी फोडल्यास तर बँड फिका येईल. धडधाकट पेशीत एमडीएम२ नावाचं प्रोटीन पी५३ला सतत काढून टाकत असतं, म्हणून पी५३चं अर्धायुष्य साधारण २० मिनिटांचंच. डीएनए तुटला की मग पी५३ साचतं, पेशीचं विभाजन थांबवतं किंवा पेशीला मरायला लावतं. म्हणून एक प्लेट रात्रभर डॉक्सोरुबिसिन या डीएनए तोडणाऱ्या औषधात ठेव, एक तशीच, आणि शेजारच्या लेनमध्ये एच१२९९ या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशी लाव, त्यांच्यात पी५३ नाहीच. तिथे बँड आला तर मात्र तो दुसऱ्याच कशाचा तरी आहे असं समज, ही लेन मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि नेमकी तीच लोक गाळतात.

बँड शोधताना एक लक्षात ठेव. पी५३मध्ये ३९३ अमिनो आम्ल आहेत, हिशोबाने वजन ४४ किलोडाल्टनच्या आसपास भरतं, पण प्रोलिन जास्त असल्याने जेलमध्ये ते हळू सरकतं आणि ५३जवळ दिसतं. १९७९ला सापडलं तेव्हा जेलवरूनच नाव पडलं. तेव्हा ४४ला शोधत बसू नकोस.

आणि पुढे माउसच्या पेशी वापरणार असशील तर डीओ-१ चालणार नाही, ती माणसाच्या पी५३च्या सुरुवातीचा, विसाव्या अमिनो आम्लाजवळचा छोटा तुकडा ओळखते, माउसमध्ये तो वेगळा आहे.

हेलाचं उरलेलं लायसेट टाकू नकोस. त्याच पेशी चार तास एमजी१३२मध्ये ठेवून पुन्हा लायसेट कर, प्रोटिएसोम बंद पडल्यावर पी५३ साचायला हवं, बँड आला की अँटिबॉडी ठीक असल्याचं कळेल. जुनं आणि नवं शेजारी शेजारी लावून तो ब्लॉट गाईडना दाखव.