शेवटच्या इनिंगला पाठवतात, म्हणजे राखीव का?

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे, शाळेच्या बेसबॉल संघात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. गेल्या वर्षी सामना तोच सुरू करायचा. यंदा नव्या कोचनी त्याला 'रिलीव्हर' केलं. सामनाभर बाकावर बसायचं आणि शेवटी एक-दोन इनिंग टाकायच्या. नातेवाईक विचारतात, "काढून टाकलं का पोराला?" मला हा अपमान वाटतो. वर पोरगा म्हणतो, अमेरिकेत जाऊन यातच करिअर करीन. कोचशी बोलू का?
– एक वडील, मानेवाडा, नागपूर

उत्तर : जरूर बोला भाऊ, पण भांडण काढू नका. एका धावेची आघाडी, बेसवर दोन रनर आणि समोर त्यांचा सगळ्यात तगडा बॅटर. अशा वेळी कोच ज्याच्या हातात चेंडू देतो, त्याला राखीव कोण म्हणेल? टी-ट्वेंटीत विसावी ओव्हर कोणाला देतात, ते नातेवाईकांना विचारा. तर्री-पोहे खाता खाता स्वतःच उत्तर देतील.

मारियानो रिवेरा हे नाव पोराला तोंडपाठ असेल. पनामातल्या मासेमाराचा मुलगा. 1995 साली अमेरिकेतल्या न्यूयॉर्क यांकीज संघाकडून सामने सुरू करायला उतरला आणि बराच मार खाल्ला. पुढच्या वर्षी त्याला शेवटाकडच्या इनिंगांसाठी ठेवलं, 1997 पासून तो क्लोजर, म्हणजे सामना संपवणारा रिलीव्हर झाला. 2013 साली थांबला तेव्हा नावावर 652 सेव्ह होते. सेव्ह म्हणजे ढोबळमानाने तीन किंवा त्याहून कमी धावांची आघाडी शेवटपर्यंत राखून सामना संपवणं. 2019 साली तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत गेला, तेही मत देणाऱ्या झाडून सगळ्यांच्या मतांनी. हा मान त्याआधी बेसबॉलचा सगळ्यात गाजलेला खेळाडू बेब रूथ यालाही मिळाला नव्हता.

आणि हाच रिवेरा 2001 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या अंतिम मालिकेत, हरलाही. सातवा, निर्णायक सामना, नववी म्हणजे शेवटची इनिंग, 2-1 ची आघाडी, चेंडू याच्या हातात. समोरच्या ॲरिझोनाच्या संघाने दोन धावा काढल्या आणि करंडक नेला. शेवटचा फटका तर धड बसलाही नव्हता, पुढे सरकलेल्या फील्डरांच्या डोक्यावरून जेमतेम पलीकडे पडला. सामना सुरू करणाऱ्याचं काही बिघडलं तर सावरायला पुढच्या इनिंग असतात. रिलीव्हरचं बिघडलं की सगळे सामान आवरायला लागतात, आणि त्याला उद्या पुन्हा उभं राहायचं असतं. हरून आल्यावर पोरगा जेवतो का, झोपतो का, ते बघा. तेवढं जमत असेल तर कोचची निवड बरोबर आहे.

करिअरचं म्हणाल तर 2008 साली टीव्हीवरच्या एका स्पर्धेतून उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल, यांना पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी बेसबॉल संघाने करारबद्ध केलं. दिनेशला 2010 साली संघाने सोडून दिलं. रिंकू खालच्या लीगमध्ये रिलीव्हर म्हणून चांगला टिकला, पण दुखापतींनी गाठलं. मेजर लीग, म्हणजे सगळ्यात वरची लीग, काही दिसली नाही, पुढे तो डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीत गेला. एवढ्या ताकदीच्या पोरांचं हे झालं, तेव्हा दहावीची पुस्तकं बंद करू देऊ नका. खेळाची प्रमाणपत्रं मात्र जपून ठेवा आणि सवलतीच्या गुणांचं शाळेत आत्ताच विचारून घ्या.

मला काळजी आहे ती त्याच्या कोपराची. रिलीव्हरला "हात गरम कर" म्हणतात, तो कडेला वीस-पंचवीस चेंडू टाकतो, मग कोचचं मन बदलतं आणि तो पुन्हा बाकावर. दोन इनिंगांनी परत तेच. स्कोअरशीटवर शून्य, पण हाताने पन्नास चेंडू टाकलेले असतात. रेशीमबागेत मे महिन्याच्या उन्हात हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. अमेरिकेत 15-16 वर्षांच्या मुलांसाठी ठरवून दिलेलं आहे : दिवसाला जास्तीत जास्त 95 पिच (म्हणजे टाकलेले चेंडू), 31 ते 45 टाकले तर एक दिवस विश्रांती, 76 किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस. सलग तीन दिवस पिचिंग नाही, आणि पिचिंग केलेल्या दिवशी कॅचिंगही (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणं) नाही. हे आकडे सामन्यातल्या पिचचे आहेत. कडेला टाकलेले चेंडू कोण मोजतं आणि विश्रांती कशी ठरते, हे कोचना विचारा. कोणीच मोजत नसेल तर एक वही घ्या आणि तुम्हीच मोजा.

कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय म्हणाला, तर बाम चोळून मैदानावर पाठवू नका. पिचिंग त्याच दिवशी बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तिथला लिगामेंट (हाडं जोडून धरणारा पट्टा) फाटला तर ऑपरेशन करून शरीरातला दुसरीकडचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) बसवावा लागतो, आणि पुन्हा पिचिंग करायला वर्ष-दीड वर्ष जातं.