फझी गणित निर्णय घेताना खरंच कामाला येतं, की नुसतं शोधनिबंधांपुरतं?

तुम्ही विचारलंय की एफएमईएच्या (काय बिघडू शकतं ते आधीच शोधून त्याची जोखीम मोजायची पद्धत) प्रोजेक्टमध्ये फझी पद्धत वापरावी का, आणि त्याने निर्णय खरंच सुधारतो की फक्त गणित वाढतं. मी चाकण पट्ट्यात वाहनांच्या सुट्या भागांची क्वालिटी बघतो, म्हणून तिथलंच बोलतो.

आधी जुन्या आरपीएनचं, म्हणजे प्रत्येक दोषाच्या जोखमीला दिलेल्या आकड्याचं, दुखणं बघा. सिव्हिरिटी (दोष किती गंभीर), ऑकरन्स (किती वेळा होतो), डिटेक्शन (पकडायला किती अवघड), प्रत्येकी १ ते १० गुण, आणि तिन्हींचा गुणाकार. ९×२×५ म्हणजे ९०, आणि ३×६×५ म्हणजेही ९०. पहिल्यात माणसाच्या जिवाला धोका, दुसऱ्यात फार तर ग्राहकाची कुरकुर, पण कागदावर दोघं शेजारी. शिवाय १ ते १००० पट्टीवर प्रत्यक्षात फक्त १२० वेगवेगळे आकडे येऊ शकतात. त्यात कोणी '१००च्या वर आलं तरच कृती' अशी रेघ मारली, की ९×२×५ सुटतं आणि डिटेक्शनला ५ऐवजी ६ दिले की १०८ होऊन अडकतं. ५ की ६, हे मीटिंगमध्ये ज्याचा आवाज मोठा तो ठरवतो.

फझीत 'गंभीर आहे का?' याचं उत्तर हो किंवा नाही असं नसून ० ते १ मधलं असतं. समजा सिव्हिरिटी ५ला 'गंभीर' ०, ९ला १, मध्ये सरळ रेषा. डिटेक्शन ३ला 'पकडायला अवघड' ०, ७ला १. नियम असा: गंभीर आणि पकडायला अवघड, तर जोखीम मोठी. 'आणि'साठी दोन्हींतलं लहान मूल्य घ्यायचं. पहिल्या दोषाला १ आणि ०.५, म्हणून ०.५. दुसऱ्याला गंभीरपणाच ०, म्हणून ०. डिटेक्शन ६ केलं तर पहिला ०.७५वर जातो. वाढतो, पण एका गुणाने निकाल उलटत नाही.

लॉटफी झादे या शास्त्रज्ञांनी फझी संच १९६५मध्ये मांडले, आणि १९७०मध्ये गणितज्ञ रिचर्ड बेलमन यांच्याबरोबर ते निर्णयप्रक्रियेला लावले: उद्दिष्ट आणि मर्यादा दोन्ही एकाच पातळीवर, आणि निर्णय म्हणजे दोन्हींचा छेद, म्हणजे इथेही दोन्हींतलं लहान मूल्य. एका सप्लायरला स्वस्ताईत ०.९ आणि भरवशात ०.३, दुसऱ्याला दोन्हीकडे ०.६. सरासरी दोघांची ०.६च येते. लहान मूल्य घेतलं तर ०.३ विरुद्ध ०.६. स्वस्त माल भरवशाची उणीव झाकू शकत नाही. (खरेदी खात्याला हे गणित अजिबात आवडत नाही.) पण ०.६ म्हणजे ६० टक्के शक्यता नव्हे, हे व्हायव्हात नक्की विचारतील. 'कितपत भरवशाचा' आणि 'किती वेळा चुकेल' हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आता दुसरी बाजू. एआयएजी आणि व्हीडीए या अमेरिकी आणि जर्मन वाहन उद्योग संघटनांच्या २०१९च्या एफएमईए हँडबुकने आरपीएन काढून अ‍ॅक्शन प्रायॉरिटीचा तक्ता आणला. तोही 'असं असेल तर तसं' याच धर्तीचा, फझीशिवाय. गुणाकाराचं दुखणं त्यानेच बऱ्यापैकी जातं. फझीला उरते ती तक्त्यात पाडलेल्या गुणांच्या गटांची सीमा: सिव्हिरिटी ६ आणि ७ वेगळ्या गटांत पडतात, तिथली उडी. त्यामुळे माझ्या मते, टीमचं गुणांवर एकमत होत असेल तर तक्ता पुरे; मतं सीमेवरच फाटत असतील तर फझी घ्या. फझी एएचपी (निकषांची दोन-दोन करून तुलना करत त्यांचं वजन ठरवायची पद्धत, फझी आकड्यांनी) करायचा बेत असेल तर एएचपीचे जनक साटी यांनीच त्यावर जाहीर टीका केली होती हेही वाचून ठेवा.

आणि मी वर ५, ९, ३, ७ हे कोपरे कुठून आणले? मनानेच. तुमच्या परीक्षकांचा पहिला प्रश्न हाच असेल. म्हणून ते शॉपफ्लोअरवरच्या लोकांना विचारून ठरवा, मग प्रत्येक कोपरा अर्ध्या-एका गुणाने पुढेमागे सरकवून क्रमवारी पुन्हा काढा. कोणते दोष जागा बदलतात त्यांची यादी रिपोर्टमध्ये द्या. वरचे चार-पाच दोष जागचे हलले नाहीत तर त्यांच्यावर काम सुरू करा. हलले, तर आधी त्या दोषांचा तपासणी डेटा गोळा करा.