इम्प्रोव्हायझेशनला मराठीत काय म्हणावं?

लातूरच्या एका महाविद्यालयीन गटाचा हा प्रश्न. ही मुलं युवक महोत्सवात तासाभराचा कार्यक्रम करणार आहेत. पहिला अर्धा तास प्रेक्षक विषय देतील त्यावर संहितेशिवाय विनोदी प्रवेश, आणि पुढे ढोलकी, पेटी, गिटार घेऊन आधी न बसवलेलं वादन. पत्रिकेवर 'इम्प्रोव्हायझेशन' आणि 'जॅमिंग' लिहायचं नाही, असं त्यांनी ठरवलंय. 'उत्स्फूर्त' सुचला, पण कुठंतरी अडतोय, म्हणतात.

अडतोय ते बरोबरच आहे. 'उत्स्फूर्त'मध्ये स्फुरण आहे, कसब नाही. बंद उत्स्फूर्तपणे पाळला जातो, टाळ्या उत्स्फूर्त पडतात. त्यासाठी कुणाला काही शिकावं लागत नाही. समोरच्यानं टाकलेलं वाक्य झेलून त्यावर दुसरं चढवायचं, ही तालमीची गोष्ट आहे. 'हजरजबाबी' जवळचा, पण तो एकट्याचा गुण झाला. तुमचा कार्यक्रम चारचौघांच्या मेळाचा आहे.

आपल्याकडे या प्रकाराला एकच ठळक नाव का नाही, याचं उत्तर मला नाटकाच्या इतिहासात सापडतं. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं, त्या पद्धतीत पदं ठरलेली असत आणि पात्रं आपापली भाषणं प्रसंग पाहून स्वतःच करत. पुढं लिहिलेल्या संहितेवर बसवलेली नाटकं आली, तेव्हा लोक त्यांना 'बुकिश' म्हणू लागले. म्हणजे वेगळं नाव लिहिलेल्याला द्यावं लागलं. तमाशातल्या बतावणीचंही तेच. सोंगाड्याला सांगाडा माहीत असतो, बाकीचं तो फडावर उभा राहून बोलतो.

पण बोलणाऱ्यांकडे शब्द होता, आणि अजून आहे: 'पदरचं'. 'पदरचं वाक्य टाकलं', 'पदरचं घातलं' असं नाटकवाले सर्रास म्हणतात. (अलीकडे 'ॲडिशन घेतली'ही म्हणतात, पण ती मला परकी वाटते.) हा शब्द मला पहिल्यांदा खराखुरा कळला तो आमच्याकडच्या एका सप्ताहात. रात्री सोंगी भारूड चाललं होतं, नाथांचं 'विंचू चावला'. सोंग घेतलेला गडी पाय धरून विव्हळतोय आणि लाईट गेली. माईकही गेला. मांडवात अंधार. गडी क्षणभरही थांबला नाही. "आरं, इंचू बी दिसंना गेलाय की! बॅटरी दावा कुणीतरी!" मृदंग्यानं ठेका हळू केला, नुसती बोटं फिरवत राहिला. टाळकऱ्यांनी 'विंचू चावला' एवढेच दोन शब्द दबक्या आवाजात धरून ठेवले. मागून एका पोरानं मोबाईलचा उजेड टाकला, तसा हा ओरडला, "आला रं आला, सत्त्वगुणाचा उजेड आला!" आणि थेट उताऱ्याच्या कडव्यावर गेला, 'सत्त्वगुण लावा अंगारा'. मृदंगावर खणखणीत थाप पडली, मांडव हसला. शेजारचे म्हातारबा म्हणाले, "पदरचं घातलं, पण नाथाला सोडलं न्हाई."

म्हातारबांच्या त्या वाक्यात सगळं आलं. 'पदरचं' म्हणजे स्वतःजवळचं. पदराच्या गाठीला बांधून आणलेलं. इंग्रजी शब्द लॅटिनमधल्या 'आधी न दिसलेलं' या अर्थाच्या शब्दावरून, इटालियन-फ्रेंच वाटेनं आला. तो वेळेकडं पाहतो: अचानक, पूर्वसूचना नसलेलं. मराठी शब्द विचारतो, हे आणलंस कुठून? गाठीला काही असेल तरच ऐनवेळी सोडता येतं.

आमच्या मराठवाड्यात याला आणखी एक जोड आहे. खुलताबादच्या दर्ग्यापुढं कव्वाली ऐकली असेल, तर कव्वाल मूळ कलामात मध्येच दुसरीकडचा शेर बेमालूम जोडतो, हे लक्षात आलं असेल. त्याला 'गिरह लावणं' म्हणतात. गिरह म्हणजे गाठच. भारूडवाल्याची गाठ सुटते, कव्वालाची बसते. दोन्हीकडं बसलेल्यांची मान एकाच जागी हलते.

संगीतासाठी मात्र मी 'पदरचं' घेणार नाही. तिथं 'उपज' तयार आहे. गवई राग मांडताना त्याच क्षणी नवं वळण काढतो, ती उपज. आपेगावच्या ज्ञानोबांचं 'उपजे तें नाशे, नाशलें पुनरपि दिसे' आठवा. तेच हे उपजणं, उगवणं. एक सावधगिरी: 'उपजत' म्हणजे जन्मजात, आणि 'उपज' म्हणजे आत्ता, इथं उगवलेली. दोन्ही एकाच क्रियापदाची, पण पत्रिकेवर 'उपजत वादन' छापलं तर अर्थ पार बदलेल.

'जॅमिंग'ला 'जुगलबंदी' म्हणू नका. ती दोघांची असते आणि तिच्यात चढाओढीचा वास असतो. 'मेळ' घ्या. 'वाद्यमेळ' बसवलेलाही असतो, म्हणून नुसता 'मेळ' बरा. 'मेळ बसला', 'मेळ जमेना' ही क्रियापदंही आयती मिळतात. मागच्यांनी पुढच्याची ओळ धरण्याला भजनात 'चाल उचलणं' म्हणतात. तालमीत एकमेकांना 'फॉलो कर' म्हणण्यापेक्षा 'चाल उचल' म्हणून बघा, पेटीवाल्याला लगेच कळेल.

तेव्हा पत्रिकेवर पूर्वार्ध 'पदरचं', उत्तरार्ध 'उपज आणि मेळ'. 'पदरचे' असं सोवळं रूप करू नका, शेवटचा अनुस्वार राहू द्या. आणि खाली बारीक अक्षरात 'विषय प्रेक्षकांचे' एवढं लिहा, म्हणजे पदर कुणाचा, ते येणाऱ्यांना कळेल.